घरपट्टी आणि वर्गणी : अणुसुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा?

#धागा

१/
चेर्नोबिलचा अपघात झाला २६ एप्रिल १९८६ रोजी. त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, व्हिएन्नामध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. पहिला, अणुअपघात घडल्यास इतर देशांना त्वरित कळवण्याविषयीचा. दुसरा, अशा प्रसंगी एकमेकांना मदत करण्याविषयीचा. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या कराराच्या सातव्या कलमाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही, कारण ते पैशांविषयी आहे.

२/
ते कलम म्हणते : मदत करणारा देश ती विनामूल्य देऊ शकतो, किंवा खर्च परत मागू शकतो. पण तो निर्णय घेताना त्याने काही गोष्टी विचारात घ्याव्यात. अपघाताचे स्वरूप काय, त्याचा उगम कोठे झाला, विकसनशील देशांच्या गरजा काय आहेत, आणि ज्यांच्याकडे एकही अणुसंयंत्र नाही अशा देशांच्या विशेष गरजा काय आहेत.

एखाद्या देशावर किरणोत्सर्गाचे संकट कोसळले असताना मदतीला धावणाऱ्याने बिल पाठवावे की नाही, हे कायद्याच्या कलमात लिहून ठेवावे लागले. ‘विकसनशील देशांच्या गरजा’ हे शब्द तिथे सौजन्यापोटी आलेले नाहीत. त्यांच्यामागे तीस वर्षांचा वाद आहे. आजचा धागा त्या वादाविषयी.

३/
थोडी पूर्वपीठिका. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावर पहिली मोठी परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. १९५६ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये ८१ देशांनी एकत्र बसून नव्या संस्थेची घटना मंजूर केली. २९ जुलै १९५७ रोजी ती अमलात आली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, जन्माला आली. मुख्यालय व्हिएन्ना.

न्यूयॉर्कच्या त्या परिषदेत भाभांनी जो आक्षेप घेतला तो पुढच्या साऱ्या वादाचे बीज आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देखरेख फक्त मदत घेणाऱ्यावर येणार असेल, तर ज्याला मदतीची गरजच नाही तो मोकळा सुटेल आणि जग आपोआप दोन जातींत विभागले जाईल. भाभांना हा आक्षेप पूर्णपणे मान्य करून घेता आला नाही. पण त्या सभागृहात अनेक माना डोलल्या असणार, हे पुढच्या इतिहासावरून सहज ताडता येते.

४/
आता मुख्य मुद्दा. या संस्थेच्या घटनेचे चौदावे कलम अर्थव्यवहाराविषयी आहे आणि त्यात खर्चाचे दोन कप्पे पाडलेले आहेत.

पहिला कप्पा प्रशासकीय खर्चाचा : कर्मचारी, बैठका, तसेच निरीक्षकांची देखरेख. हा खर्च सर्व सदस्यांत ठरावीक प्रमाणात वाटला जातो. संयुक्त राष्ट्रांची वर्गवारी आधाराला घेऊन प्रत्येकाचा हिस्सा ठरतो आणि तो भरणे बंधनकारक असते.

दुसऱ्या कप्प्यात, सोप्या भाषेत सांगायचे तर, प्रत्यक्ष मदत : उपकरणे, साहित्य, प्रकल्प. आणि त्याचा निधी मुख्यतः ऐच्छिक देणग्यांतून उभा राहायचा.

आपल्या ओळखीच्या शब्दांत, पहिली झाली घरपट्टी आणि दुसरी गणपतीची वर्गणी. घरपट्टी थकली तर नोटीस येते. वर्गणी मागायला आलेल्या पोरांना ‘उद्या या’ म्हणता येते.

५/
असे का केले? श्रीमंत देशांचा युक्तिवाद सरळ होता. मदतीच्या मागणीला अंत नसतो. ती बंधनकारक अंदाजपत्रकात घातली, तर संख्येने अधिक असलेले गरीब सदस्य हात वर करून आकडा फुगवतील आणि बिल मोजक्या देशांच्या दारात येईल. एकट्या अमेरिकेचा नियमित अंदाजपत्रकातील हिस्सा आजही सुमारे एक-चतुर्थांश आहे, हे लक्षात घेतले की ही भीती निराधार म्हणता येत नाही.

शिवाय प्रारंभी अशीही अपेक्षा होती की ही संस्था युरेनियमची एक प्रकारची पेढी होईल. इंधन तिच्यामार्फत जाईल आणि त्या व्यवहारातून उत्पन्न येईल. तसे घडले नाही. देश एकमेकांशी थेट करार करू लागले आणि पेढी रिकामीच राहिली. राहिली ती वर्गणी.

६/
वर्गणीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. १९५८ चे लक्ष्य होते अडीच लाख डॉलर. साठच्या दशकात ते वीस लाख डॉलरपर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडले. मधल्या काळात आफ्रिका व आशियातील अनेक देश स्वतंत्र होऊन सदस्य झाले, मागण्या वाढल्या, लक्ष्य मात्र हलले नाही. आणि लक्ष्य ही केवळ इच्छा असते. प्रत्यक्ष जमा त्याहूनही कमी.

त्यातही एक गंमत. सोव्हिएत संघासारखे देश आपला वाटा रूबलमध्ये देत, आणि त्या रूबलचे डॉलरमध्ये रूपांतर होत नसे. म्हणजे त्या पैशांतून उपकरण घ्यायचे तर सोव्हिएत बनावटीचेच घ्यावे लागे. अर्जदार देशाच्या प्रयोगशाळेला ते जुळते की नाही, हा प्रश्न नंतरचा.

७/
या व्यवस्थेत एक पारिभाषिक शब्द रूढ झाला आणि तो मला फार बोलका वाटतो : ‘तळटीप-अ प्रकल्प’.

एखादा देश प्रस्ताव पाठवतो. तज्ज्ञ तो तपासतात. तांत्रिकदृष्ट्या योग्य, आवश्यक, मंजूर! पण निधी नाही. मग तो प्रकल्प यादीत ‘अ’ या तळटिपेसह छापला जातो. अर्थ असा की कोणी दाता पुढे आला तर करू. पात्रता सिद्ध झालेली, पैसा मात्र नाही. आपल्याकडे शिष्यवृत्तीची यादी लागते आणि नाव असूनही रक्कम येत नाही, त्या अवस्थेतून गेलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

८/
गरीब देश केवळ हात पसरून बसले होते, असे मात्र समजू नये. साठच्या दशकाच्या मध्यावर भारत, फिलिपीन्स आणि ही संस्था यांचा एक त्रिपक्षीय प्रकल्प झाला. भारताने न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर दिला, तो फिलिपीन्सच्या संशोधन-अणुभट्टीवर बसवला गेला आणि आसपासच्या देशांतील शास्त्रज्ञ तिथे येऊन शिकले. तुर्भ्याच्या प्रयोगशाळांतील कौशल्य मनिलात पोहोचले, तेही कोणत्याही महासत्तेच्या मध्यस्थीविना. याच अनुभवातून १९७२ मध्ये आशिया-प्रशांत विभागाचा प्रादेशिक सहकार्य करार आकाराला आला आणि तो आजही चालू आहे. विकसनशील देशांच्या दृष्टीने ‘सहकार्य’ या शब्दाचा अर्थ असा होता. तो दान या शब्दाचा पर्याय नव्हता.

(भाभांनी हे फळ पाहिले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान माँ ब्लाँवर कोसळले तेव्हा ते व्हिएन्नाला, याच संस्थेच्या बैठकीला निघाले होते.)

९/
१९७० मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार अमलात आला आणि देखरेखीचे काम एकदम वाढले. निरीक्षक हवेत, उपकरणे हवीत, प्रवास हवा. हा सारा खर्च पहिल्या कप्प्यातला, म्हणजे घरपट्टीचा. विकसनशील देशांनी विचारले : निरीक्षण बहुतांशी होणार पश्चिम जर्मनी, जपान, कॅनडा अशा औद्योगिक देशांच्या संयंत्रांचे. ज्यांच्याकडे अणुभट्टीच नाही त्यांनी त्याचा वाढता भार का उचलावा?

१९७१ मध्ये तडजोड झाली. दरडोई उत्पन्न कमी असलेल्या देशांचा देखरेखीपुरता हिस्सा जवळजवळ गोठवण्यात आला. व्हिएन्नाच्या भाषेत याला ‘ढाल’ म्हणू लागले. वाढीव खर्च श्रीमंतांनी सोसायचा, गरीब देश ढालीमागे. ही ढाल तीन दशके टिकली.

म्हणजे सत्तरच्या दशकात चित्र असे होते : देखरेखीचा पैसा बंधनकारक आणि खात्रीचा, मदतीचा पैसा ऐच्छिक आणि अनिश्चित, आणि पहिल्यातील गरिबांचा वाटा मर्यादित. कोणीच पूर्ण समाधानी नव्हते. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये याला समतोल म्हणतात.

१०/
१९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली. त्यानंतर पुरवठादार देशांनी आपला गट बांधला आणि निर्यातीचे नियम आवळले. विकसनशील देशांना वाटले की प्रसारबंदी करारातील ‘शांततामय उपयोगासाठी सहकार्य’ हे चौथ्या कलमातील आश्वासन हळूहळू पातळ होत आहे. १९७७ मध्ये त्यांनी आमसभेत ठराव आणला, ज्यातून पुढे एक स्वतंत्र जागतिक परिषद व्हायची होती. १९८१ मध्ये व्हिएन्नातील सर्वसाधारण परिषदेने ठराव केला की तांत्रिक साहाय्याचा निधी एकतर नियमित अंदाजपत्रकातून यावा, नाहीतर तितक्याच खात्रीच्या आणि आधीच अंदाज बांधता येईल अशा मार्गाने यावा.

‘पुरेसा, खात्रीचा, आधी सांगता येण्याजोगा’ ही त्रिसूत्री तेव्हापासून सत्याहत्तर देशांच्या गटाच्या प्रत्येक निवेदनात येते. इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याचे लक्ष उडते. पण जिल्हा रुग्णालयात किरणोपचाराचे यंत्र बसवायला पाच वर्षे लागत असतील आणि निधी दरवर्षी नव्याने ठरत असेल, तर या तीन शब्दांपलीकडे मागण्यासारखे काय उरते?

११/
त्या १९७७ च्या ठरावातून निघालेली परिषद अखेर २३ मार्च ते १० एप्रिल १९८७ या काळात जिनिव्हात भरली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या शेवटच्या चार आद्याक्षरांतून ‘पुणे’ हा शब्द तयार होतो, आणि मराठी वाचकाला कागदपत्रे चाळताना क्षणभर दचकायला होते. पुण्याचा संबंध एवढाच.

अध्यक्ष होते इजिप्तचे मुत्सद्दी मोहम्मद शाकर. दहा वर्षांची तयारी, शंभराहून अधिक देश, जवळपास तीन आठवडे चर्चा. निष्पत्ती? सहकार्याच्या सर्वमान्य तत्त्वांवर एकमत झाले नाही. विकसनशील देशांना हवे होते विनाअट सहकार्य. पुरवठादारांना हवी होती देखरेखीची हमी. आणि सभागृहावर चेर्नोबिलची सावली होती. ज्या क्षणी ‘आम्हालाही अणुऊर्जा हवी’ असे म्हणण्यासाठी जग जमले, त्याच क्षणी जगाला अणुऊर्जेची भीती वाटू लागली होती. इतिहासातील काही परिषदा चुकीच्या वर्षी भरतात.

१२/
येथे एक खुलासा. मराठीत आपण ‘सुरक्षा’ हा एकच शब्द सैलपणे वापरतो, पण व्हिएन्नात तीन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या जातात. अपघात होऊ नये ही सुरक्षितता. अणुसामग्री चोराच्या वा दहशतवाद्याच्या हाती पडू नये हे संरक्षण. आणि कोणत्याही सरकारने गुपचूप बॉम्ब बनवू नये यासाठी देखरेख. तिन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि विकसनशील देशांची भूमिका तिन्हींबाबत वेगळी आहे. हे न समजल्यामुळे अनेक लेखांत त्यांना सरसकट ‘अडथळे आणणारे’ ठरवले जाते.

१३/
चेर्नोबिलनंतर सुरक्षितता हा विषय अग्रक्रमावर आला. विकसनशील देशांनी तिला विरोध केला नाही, कसा करणार? पण त्यांना दोन शंका होत्या. एक, सुरक्षिततेच्या नव्या कार्यक्रमांना लागणारा पैसा शेती, वैद्यक, जलसंशोधन यांच्या वाट्यातून कापला जाईल. दुसरी, सुरक्षिततेचे निकष ही निर्यातबंदीची नवी भाषा ठरेल : ‘तुमच्याकडे पुरेशी व्यवस्था नाही, म्हणून तंत्रज्ञान नाही’, आणि व्यवस्था उभारायला पैसाही नाही.

या शंका अतिरंजित होत्या का? काही अंशी होत्या. पण त्याच वर्षी ब्राझीलमध्ये जे घडले त्याने प्रश्नाचा चेहरा बदलला.

१४/
गोयानिया, मध्य ब्राझील. सप्टेंबर १९८७. शहरातील एक किरणोपचार केंद्र दुसरीकडे हलले होते आणि जुन्या, अर्धवट पाडलेल्या इमारतीत एक यंत्र तसेच राहिले होते. आत सिझियम-१३७, सुमारे १३७५ क्युरी. १३ सप्टेंबरच्या सुमारास दोघांनी भंगार म्हणून ते उचलले. फोडता फोडता आतील कुपीला भोक पडले. यंत्राचा भाग भंगारवाल्याकडे गेला. त्याला रात्री त्यातून निळसर प्रकाश येताना दिसला आणि ती वस्तू मौल्यवान, कदाचित अलौकिक वाटली. नातेवाईक, शेजारी पाहायला आले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे कौतुकाने वाटले गेले. कोणी ती पूड अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती हाताला लागलेली असतानाच खाल्ले.

घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीला त्या वस्तूचा संशय आला. तिने ती पिशवीत घालून, बसने, आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेली. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, एका भौतिकशास्त्रज्ञाच्या मापकाने खरा प्रकार उघड केला. तोवर सोळा दिवस उलटले होते.

१५/
चार जण दगावले, त्यांत ती मुलगी आणि जिच्यामुळे प्रकार उघडकीस आला ती स्त्रीही होती. शहराच्या स्टेडियममध्ये रांगा लावून सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली; २४९ जणांवर किरणोत्सर्गी अंश आढळले. घरे पाडावी लागली, माती उकरून न्यावी लागली. सिझियमचे एकूण वजन शंभर ग्रॅमहूनही कमी होते. त्यातून उत्पन्न झालेला कचरा हजारो घनमीटर.

ब्राझीलने व्हिएन्नाकडे मदत मागितली आणि अनेक देशांतून तज्ज्ञ आले. चेर्नोबिलनंतर वर्षभरापूर्वी लिहिलेल्या त्या मदतीच्या व्यवस्थेची ही पहिली मोठी कसोटी होती.

१६/
गोयानियाचा ऐतिहासिक अर्थ माझ्या मते असा : जगातील बहुसंख्य विकसनशील देशांसाठी ‘अणुसुरक्षितता’ म्हणजे अणुभट्टी नव्हेच. त्यांच्याकडे अणुभट्टी नाही. त्यांच्याकडे आहे रुग्णालयाच्या तळघरातील कोबाल्टचे यंत्र, कारखान्यातील किरणमापक, आणि त्यांची नोंद ठेवणारे, धड कर्मचारीही नसलेले एखादे कार्यालय. पुढे २००० मध्ये थायलंडमधील समुत प्राकान येथे कोबाल्ट-६० भंगारात गेले आणि तीन जण मृत्युमुखी पडले. २०१० मध्ये आपल्या दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात तेच घडले. एक जण दगावला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आयएईएने किरणोत्सर्ग-संरक्षणाची मूलभूत यंत्रणा उभारून देण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. पन्नासहून अधिक देश त्यात आले : म्हणजे पन्नासहून अधिक देशांकडे कायदा, नोंदवही, निरीक्षक यांपैकी काही ना काही उणे होते. आणि या कार्यक्रमाचा खर्च कोणत्या कप्प्यातून? तांत्रिक सहकार्य निधीतून. वर्गणीतून.

म्हणून ‘सुरक्षिततेवर खर्च करा, सहकार्यावर नको’ हा वाद मुळातच फसवा आहे. गरीब देशांत सुरक्षितता येते तीच सहकार्याच्या दाराने.

१७/
याच काळात पैसा नव्हता असे नाही. जुलै १९९२ मध्ये म्युनिकच्या शिखर परिषदेत जी-७ देशांनी पूर्व युरोपातील सोव्हिएत बनावटीच्या अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेसाठी बहुपक्षीय कार्यक्रम ठरवला. १९९३ मध्ये युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँकेत त्यासाठी स्वतंत्र खाते उघडले. १९९७ मध्ये चेर्नोबिलच्या आवरणासाठी निधी उभा राहिला. नोव्हेंबर २०१६ मध्ये फुटलेल्या अणुभट्टीवर सरकवलेल्या त्या अजस्र कमानीला सुमारे दीड अब्ज युरो लागले.

हा खर्च योग्यच होता. त्या कमानीची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु विकसनशील देशांच्या प्रतिनिधींनी यातून जो निष्कर्ष काढला तोही नाकारता येत नाही : धोका श्रीमंतांच्या वाऱ्याच्या दिशेने असला की निधी सापडतो.

१८/
१७ जून १९९४ रोजी अणुसुरक्षितता करार संमत झाला. त्यात सक्तीची तपासणी नाही. प्रत्येक देशाने आपला अहवाल द्यायचा आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे. सुरक्षिततेची जबाबदारी ज्या देशाच्या हद्दीत संयंत्र आहे त्या देशाची, हे तत्त्व प्रस्तावनेतच आहे. विकसनशील देशांना ते हवे होते, पण केवळ त्यांनाच हवे होते असे नाही.

या करारातही पैशांची कलमे बारकाईने वाचावीत. सचिवालयाने काही जादा सेवा द्यावी असे सदस्यांनी एकमताने ठरवले, तरी ती मंजूर अंदाजपत्रकात बसली पाहिजे, अन्यथा त्यासाठी कोणी ऐच्छिक निधी दिला पाहिजे. आपला अहवाल स्वतःच्या भाषेत लिहायचा असेल तर भाषांतर स्वतः करून द्या. सचिवालय ते करून देईल, पण बैठकीच्या अधिकृत भाषांपुरतेच, आणि मोबदला मिळाल्यास. ज्या देशाच्या नियामक कार्यालयात मोजून काही माणसे आहेत, त्याच्यासाठी जाडजूड अहवाल लिहिणे, भाषांतरित करणे आणि व्हिएन्नाला माणसे पाठवणे हाच एक प्रकल्प होतो. भारताने या कराराला मान्यता दिली मार्च २००५ मध्ये, संमतीनंतर दशकाहून अधिक काळाने.

१९/
२००१ च्या ११ सप्टेंबरनंतर तिसरा शब्द पुढे आला : संरक्षण. मार्च २००२ मध्ये अणुसंरक्षण निधी स्थापन झाला, तोही ऐच्छिक. आता भूमिकांची अदलाबदल पाहा. पाश्चात्त्य देश म्हणू लागले की एवढे महत्त्वाचे काम देणग्यांवर कसे सोडायचे? ते नियमित अंदाजपत्रकात घ्या. आणि विकसनशील देश म्हणाले, नको, ते ऐच्छिकच राहू दे. आमच्या सहकार्याला जो न्याय लावला तोच लावा.

युक्तिवाद आरशातील प्रतिमेसारखा उलटला. प्रत्येक गटाला आपला अग्रक्रम घरपट्टीत हवा आणि दुसऱ्याचा वर्गणीत. विकसनशील देशांविषयी सहानुभूती बाळगूनही येथे त्यांचा बचाव तत्त्वाच्या आधारे करता येत नाही. तो हिशेब होता, आणि हिशेब म्हणून समजण्याजोगा होता.

२०/
२००३ मध्ये हिशेबाची मोठी फेरजुळणी झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आयएईएचे नियमित अंदाजपत्रक ‘शून्य वास्तव वाढ’ या दंडकाखाली होते. ते आता वाढवायचे ठरले. बदल्यात १९७१ ची ढाल टप्प्याटप्प्याने काढण्यावर विकसनशील देश राजी झाले आणि त्यांच्या सहकार्य निधीचे लक्ष्यही वर नेण्यात आले. २००५ साठी ते ७ कोटी ७५ लाख डॉलर होते. शिवाय मदत घेणाऱ्या देशाने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाच टक्के रक्कम स्वतः भरायची, असाही नियम आला. घेणारे फुकट घेतात, ही समजूत त्यामुळे सैल व्हायला हवी होती. झालेली दिसत नाही.

२१/
११ मार्च २०११ : फुकुशिमा. त्या जूनमध्ये व्हिएन्नात मंत्र्यांची परिषद भरली. महासंचालक युकिया अमानो यांनी सुचवले की जगातील दर दहा अणुभट्ट्यांपैकी एक निवडून तीन वर्षांत तिची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. सप्टेंबरमध्ये कृती-आराखडा मंजूर झाला तोवर हा मुद्दा विरघळला होता. तपासणी पुन्हा स्वेच्छेवर आली. हा बोथटपणा केवळ विकसनशील देशांनी आणला असे म्हणणे चूक ठरेल, मोठे अणुकार्यक्रम असलेले श्रीमंत देशही तितकेच नाखूश होते. २०१५ मध्ये सुरक्षितता करारात दुरुस्ती करण्याचा स्वित्झर्लंडचा प्रयत्न फसला, तेव्हाही हेच दिसले.

ज्याला तपासून घ्यायचे त्याने बोलवावे, ही प्रथा तशी जुनी आहे. संयंत्र-तपासणीचे पहिले पथक १९८३ मध्ये दक्षिण कोरियातील को-री येथे गेले होते. भारताने असे पथक २०१२ मध्ये बोलावले, राजस्थानच्या रावतभाटा येथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी. २०१५ मध्ये आपल्या नियामक व्यवस्थेचेही परीक्षण करून घेतले. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीच्याच पिढीतील, उकळत्या पाण्याच्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना यात रस असायला हवा.

२२/
भारताची जागा या साऱ्यात अवघड आहे, आणि म्हणूनच अभ्यासण्यासारखी. प्रारंभापासून आयएईएच्या नियामक मंडळावर भारत आहे तो दक्षिण आशियातील अणुतंत्रज्ञानात सर्वांत पुढारलेला देश म्हणून. भाषणे मात्र विकसनशील गटाच्या बाजूने. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र भारताने आयएईएच्या कार्यक्रमातून व्हिएतनामला भेट दिले. साठच्या दशकातील मनिलाच्या प्रकल्पाचीच ही पुढची कडी म्हणता येईल. देणाराही विकसनशील, घेणाराही विकसनशील.

२३/
२०१० मध्ये अमेरिकेने ‘शांततामय उपयोग उपक्रम’ जाहीर केला आणि पाच वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. इतर देशही सामील झाले. या पैशांतून अनेक तळटीप-अ प्रकल्प मार्गी लागले आणि विकसनशील देशांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्याच निवेदनांत त्यांनी हेही नोंदवले की असा निधी मूळ निधीला पूरक असावा, पर्याय नव्हे. कारण या वर्गणीत दाता प्रकल्प निवडतो. मंडपावर पाटी कोणाची लागणार हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते, आणि ज्या प्रकल्पावर पाटी शोभत नाही तो मागे पडतो. त्सेत्से माशीचे निर्मूलन छायाचित्रात सुंदर दिसते. झांझिबारमध्ये ते खरोखरच यशस्वी झाले. जुन्या कोबाल्ट-स्रोतांची नोंदवही अद्ययावत ठेवणारा कारकून छायाचित्रात काहीच दिसत नाही.

२४/
तळटीप-अ ची यादी आजही निघते. देशाचे नाव, प्रकल्पाचे शीर्षक, अपेक्षित रक्कम. एखाद्या वर्षी कोणी दाता एखाद्या ओळीवर बोट ठेवतो, आणि ती ओळ वर, मुख्य यादीत सरकते.